किलोमीटर नव्हे, हंगाम

मोटारीसोबत जी पुस्तिका मिळते तिच्यात देखभालीचा एक तक्ता असतो. पहिली सर्व्हिस 1,000 किलोमीटरला किंवा महिन्याभराने, दुसरी 5,000 ला किंवा सहा महिन्यांनी, तिसरी 10,000 ला किंवा वर्षाने, आणि पुढे दर 10,000 किलोमीटरला किंवा दर वर्षी. यांतलं जे आधी येईल ते. मारुतीच्या बहुतेक गाड्यांचा क्रम साधारण असा आहे आणि इतर कंपन्याही फार लांब जात नाहीत. हा तक्ता बहुतेक मालकांना तोंडपाठ असतो. त्याच्या जवळच आणखी एक छोटा तक्ता असतो, तो मात्र कुणी वाचत नाही. गाडी खडतर परिस्थितीत चालत असेल तर काय करायचं, हे त्यात दिलेलं असतं. सतत छोटे फेरे, धुळीचे आणि चिखलाचे रस्ते, कडक ऊन, भरपूर ओझं असं काही असेल तर ऑइल आणि फिल्टर मुदतीआधी बदला, काही ठिकाणी तर निम्म्याच अंतरावर बदला, असं कंपनीच सांगते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात गाडी चालवणाऱ्याने ही यादी वाचावी. त्यातली जवळपास प्रत्येक अट त्याला लागू होते. घरून बाजारात, बाजारातून जिनिंगवर, तिथून शेतावर आणि परत, असे दिवसभराचे फेरे मोजले तर दहा-बारा किलोमीटर भरतात. यवतमाळ किंवा पांढरकवड्याला जाणं आठवड्यातून एखाद्या वेळी. डांबरी रस्ता सोडून शेताच्या पांदणीला लागलं की उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात. अशा गाडीचा आकडा वर्षाकाठी पाच-सहा हजार किलोमीटरच पुढे सरकतो आणि मालक निश्चिंत असतो. "गाडी तं चालतच नाई भाऊ, मंग ऑइल कायले बदलाचं?" हा प्रश्न गॅरेजवर रोज ऐकायला मिळतो. माझं म्हणणं असं, की या भागात गाडीचं वेळापत्रक किलोमीटरवर बांधूच नये, हंगामावर बांधावं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करताना तो वर्षभरात किती एकर नांगरलं याचा हिशेब विचारत नाही.

कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल का खराब होतं, ते आधी पाहू. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिनात मात्र तिचा थोडा भाग खाली ऑइलमध्ये उतरतो, सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही. लांबच्या प्रवासात ऑइल तापतं आणि त्यातलं पाणी उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेऱ्यात ते तापतच नाही. हिवाळ्यात अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडून पाहा, आतल्या बाजूला फिकट तपकिरी फेस दिसला तर समजा की गाडी छोट्या फेऱ्यांवर जगते आहे. आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास सलग पळवली तर बराच फरक पडतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना तर हे अधिकच लागू आहे. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळून टाकायला सलग, वेगात चाललेली गाडी लागते. नुसती गावात फिरणारी डिझेल गाडी हा फिल्टर चोंदवून घेते, आणि तो बदलायचा खर्च ऐकून माणूस खालीच बसतो. ज्याचे फेरे गावातल्या गावातच आहेत त्याने नवी डिझेल गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑइलच्या बाबतीत आणखी एक समज पक्का बसला आहे: इथे ऊन फार, म्हणून जाड ऑइल टाकावं. पुस्तिकेत 0डब्ल्यू-20 लिहिलेलं असताना 20डब्ल्यू-50 टाकून मोकळे होणारे लोक आहेत. यातला दुसरा आकडा ऑइल 100 अंश तापमानाला किती जाड राहतं ते सांगतो. बाहेर 45 अंश असो की 12, थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून चालत्या इंजिनाचं तापमान 90 च्या आसपास ठेवतात. आजच्या इंजिनातल्या फटी बारीक आहेत, जाड ऑइल तिथपर्यंत उशिरा पोचतं. पुस्तिकेने दोन-तीन ग्रेड चालतील असं सांगितलं असेल तर त्यांतला जाड निवडा. त्याबाहेर जाऊ नका. आणि महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी काटा काढून बघा. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, डिझेलचं तर चार दिवसांत काळं होतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे महत्त्वाचं. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र 'गॅरेजपर्यंत नेतो' म्हणू नका. इंजिन तिथेच बंद करा.

आता हवेकडे वळू, कारण या तालुक्यात गाडीला सगळ्यांत जास्त त्रास हवेतूनच होतो. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून आत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं की पांदणीत धूळ घोट्याएवढी साचते, आणि पुढच्या जीपच्या मागे गेलेली गाडी दोन दिवसांत महिन्याची धूळ खाते. फिल्टर चोंदला की ॲव्हरेज घटतं असं सगळे सांगतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासलं तेव्हा इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं ॲव्हरेज चोंदलेल्या फिल्टरने फारसं घटलं नाही, गाडीची ओढ तेवढी कमी झाली. म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी फिल्टर बदलत बसू नका. तो बदलायचा तो इंजिनाच्या आयुष्यासाठी. मातीतले कण सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडतात, आणि एकदा इंजिन ऑइल जाळायला लागलं की त्यावर स्वस्त उपाय उरत नाही. मोठ्या दाबाच्या हवेने फिल्टर झाडायची पद्धत आहे, तिच्यात धोका आहे. दाब जास्त झाला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि मग वरून स्वच्छ दिसणारा फिल्टर धूळ सरळ आत सोडतो. झाडायचाच असेल तर हळू हवेने, आतून बाहेर. आणि झाडलेला फिल्टर कायमचा नवा होत नाही.

दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात यायला लागतो. वेचणीपासून जिनिंगपर्यंतच्या सगळ्या वाटेवर ट्रॉल्यांतून बोंद उडतं, रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या दिसतात. हेच बोंद गाडीच्या जाळीतून आत शिरून एसीच्या कंडेन्सरवर आणि त्यामागच्या रेडिएटरवर बसतं. त्यावर धूळ, त्यावर चिरडलेले किडे, वरून सकाळचं दव, असा थर हळूहळू जमत जातो. थंडीत कुणाला पत्ता लागत नाही. मार्च संपताना एसी थंड करेनासा होतो, मग गॅरेजवर निदान होतं: गॅस कमी झाला. गॅस भरला जातो, पैसे जातात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. गॅस भरण्याआधी दोन गोष्टी स्वतः बघा. एक, कंडेन्सरवर बोंदाचा थर आहे का. असेल तर साध्या नळीच्या पाण्याने हळुवार धुवा. वॉशिंग सेंटरची पिचकारी जवळून मारली तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि हवा कायमची अडते. दुसरं, डॅशबोर्डच्या खणामागे केबिनचा फिल्टर असतो. बऱ्याच गाड्यांत तो पाना न लावता, हातानेच निघतो. कित्येक मालकांना तो आहे हेच ठाऊक नसतं, आणि बाहेर काढल्यावर त्यातून तुरीचा पाला, मेलेले किडे, कधी उंदराने नेलेले शेंगदाणेही निघतात.

उंदरांचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून घेऊ. रानातलं पीक निघालं की उंदीर घराकडे वळतात, आणि तासभरापूर्वी बंद केलेल्या इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना दुसरी मिळत नाही. वायर कुरतडली की बिघाड शोधण्यातच मिस्त्रीचा दिवस जातो. तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या यांचा असर चार दिवस टिकतो. त्यापेक्षा गाडीत खाण्याचं काही ठेवू नये, धान्याच्या पोत्यांजवळ गाडी लावू नये आणि आठवड्यातून दोनदा बोनट उघडून पाहावं.

याच दिवसांतला आणखी एक धोका फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. सोयाबीन आणि तूर काढणीच्या वेळी लोक पीक रस्त्यावरच पसरतात. त्यावरून गाडी गेली की काड्या खाली ड्राइव्ह शाफ्टला गुंडाळल्या जातात, सायलेन्सरला चिकटतात. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालताना कित्येकशे अंश तापतो. वाळलेल्या काड्या पेटायला तेवढं पुरे. अशा रस्त्यावरून यावं लागलं तर मोकळ्या जागी थांबून एकदा खाली वाकून बघा, अडकलेल्या काड्या काठीने काढा. वाळल्या गवतात गाडी उभी करू नका. तूर कापल्यावर रानात राहिलेल्या तिरकस फणकटांवरूनही गाडी घालू नका, ती टायरच्या बगलेत घुसतात आणि बगलेतलं पंक्चर नीट जोडता येत नाही.

मृगाचा पाऊस पडला की धूळ संपते आणि चिखल सुरू होतो. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि लागेल त्याला चिकटते. चाकाच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या वर, सस्पेन्शनच्या कोपऱ्यांत ती बसते आणि दोन दिवसांच्या उघडीपीत दगड होते. मग हायवेवर 80 चा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस बॅलन्सिंगला धावतो. रिमच्या आतल्या बाजूला एकीकडेच चिकटलेला मातीचा गोळा हे त्या थरथरीचं अगदी सामान्य कारण आहे. आधी चाकं आतून धुवा, मग खर्च करा. धुताना लोक छत आणि काचा चमकवतात. पावसाळ्यात खरं धुवायचं ते खालून. मडगार्डमधली ओली माती पत्र्याला आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते आणि गंज आतून लागतो. धुताना चाकामागे, शाफ्टच्या टोकांना असलेली रबरी बूटंही पाहा. बूट फाटलं तर ग्रीस बाहेर आणि चिखल आत जातो. नवं बूट थोडक्यात बसतं. दुर्लक्ष केलं तर पूर्ण जॉइंट बदलावा लागतो आणि वळताना येणारा कटकट आवाज तो दिवस जवळ आल्याचं सांगतो.

वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवं टाका, इतकंच.

नाल्यांच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. घाटंजी वाघाडी नदीच्या काठी वसलं आहे, आणि तालुक्यातल्या किती तरी गावांच्या वाटेवर बुटके पूल नाहीतर फरशा आहेत. पाण्याला दाबून लहान करता येत नाही. इंजिनाचं तोंड पाण्यात बुडालं आणि पाणी सिलिंडरमध्ये गेलं की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नये. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि टोचन लावून गॅरेजला न्यावी. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोडणी घ्यावी लागते. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक ओले असतात, हळू चालवत दोन-चारदा हलकेच दाबून ते सुकवून घ्यावेत. पण पूल पाण्याखाली असेल तर देखभालीचा प्रश्नच उरत नाही. 28 सप्टेंबर 2021 रोजी याच जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटीची बस पुरात वाहून गेली आणि माणसं दगावली. भरलेल्या बसचा जिथे निभाव लागला नाही तिथे टनभर वजनाची मोटार काय टिकणार?

उन्हाळा टायरचा आणि कूलंटचा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय इथे जुनी आहे. बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार तापल्यावर नळ्यांत बसतात आणि रेडिएटर आतून आखडतो. कूलंट म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल, त्यात गंज रोखणारी द्रव्यं. हे मिश्रण 100 ऐवजी 107 अंशांच्या आसपास उकळतं, आणि झाकण दाब धरून ठेवतं म्हणून प्रत्यक्षात 120 च्याही पुढे. झाकण सैल असेल तर हा फायदा जातो. पातळी थंड गाडीत, बाटलीवरच्या खुणांवर पाहावी. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. हात आणि तोंड भाजलेले लोक प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असतात.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासायची. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, 'सगळ्यांना पस्तीस' असा नियम नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी 32 भरलेली हवा मेच्या दुपारी, तापलेल्या टायरमध्ये 37 दाखवते. ती जास्त झाली समजून काढून टाकली की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर पळतो. कमी हवेचा टायर जास्त धोक्याचा असतो, कारण त्याची बगल प्रत्येक फेऱ्यात वाकते, तापते आणि शेवटी फुटते. गावात 40 च्या वेगाने हे कळत नाही. पांढरकवड्याहून महामार्ग 44 धरून नागपूरला निघालात, किंवा लग्नासाठी समृद्धी महामार्गाने शिर्डीकडे गेलात, की कळतं. नागपूर-शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. सरळ काँक्रीट, 120 ची वेगमर्यादा. टायर फुटण्याचे अपघात इतके झाले की 2023 च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाला तिथे गाड्यांचे टायर तपासायला पथकं लावावी लागली. निघण्याआधी दोन गोष्टी घरीच बघता येतात. खाचेची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. खाचेत उंचवट्यासारखी खूण असते, रबर तिच्याबरोबरीला आलं की वेळ झाली. आणि बगलेवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही पण म्हातारा होतो, बगलेत बारीक भेगा पडतात. स्टेपनी तर नवी कोरी दिसते आणि वयाने सगळ्यांत थोरली असते. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

बॅटरीला खरा मार बसतो मेमध्ये, ती प्राण सोडते डिसेंबरच्या गार सकाळी, आणि बोल लागतो थंडीला. बंद गाडीत मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. चार वर्षं झाली असतील तर दसऱ्यालाच तपासून घ्या. हार, हळद-कुंकू, लिंबू सगळं होतं त्या दिवशी, पण बोनट उघडलं जात नाही. उघडा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदला.

2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. त्यासाठी इंजिन खोलायला देऊ नका. इथेनॉल पाणीही ओढतं. म्हणून महिनाभर उभी राहणारी गाडी रिकाम्या टाकीने ठेवू नका आणि जुन्या गाडीत पेट्रोलचा वास आला तर रबरी नळ्या आधी तपासा.

कंपनीच्या वर्कशॉपसाठी बऱ्याच जणांना यवतमाळ गाठावं लागतं, म्हणून वॉरंटी संपली की गाडी गावातल्या मिस्त्रीकडे येते. त्यात वावगं काही नाही, हात चांगला असेल तर तो तुमची गाडी कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त ओळखतो. ऑइलचा सीलबंद डबा मात्र स्वतः आणा, समोर उघडायला लावा, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. आणि निघालेलं जळकं ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायला किंवा बैलबंडीच्या आसाला घालायला घरी नेऊ नका, विहिरीच्या नाहीतर नाल्याच्या काठी ओतू नका. त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात आणि कायद्याने तो घातक कचरा आहे. जुनं ऑइल विकत घेणारे लोक गॅरेजवर येतात. ते तिथल्याच पिंपात ओता.